टर्की कोरडी होऊ नये म्हणून

अमेरिकेतल्या मराठी घरांत टर्कीबद्दल दोन मतं नेहमी ऐकू येतात. एक, तिला चव नसते. दुसरं, ती घशाखाली उतरत नाही इतकी कोरडी असते. दोन्ही मतं अनुभवाची आहेत. ऑफिसच्या जेवणात किंवा कुणाच्या घरी वाट्याला येतात ते छातीचे पांढरे, भुसभुशीत काप आणि वर पाकिटातल्या पावडरीची ग्रेव्ही. तेवढ्यावरून टर्की कायमची नापास होते आणि पुढच्या थँक्सगिव्हिंगला घरी बिर्याणी शिजते. बिर्याणी जरूर करावी. पण नीट मुरवलेली आणि नीट भाजलेली टर्की फार सुंदर लागते, आणि ती करायला हॉटेलातली विद्या लागत नाही. लागतं ते मीठ, थोडा धीर आणि एक थर्मामीटर.

आधी ती कोरडी का होते ते समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच निघते. टर्कीच्या अंगावर दोन स्वभावांचं मांस असतं. छातीचं मांस पांढरं, त्यात चरबी जवळजवळ नाहीच. आतलं तापमान 150 अंश फॅरनहाइटच्या (65 अंश सेल्सियस) पुढे गेलं की ते भराभर पाणी सोडू लागतं. मांडी आणि तंगडीचं मांस गडद. पक्षी दिवसभर पायांवर असतो, त्यामुळे तिथे चिवट धागे जास्त, आणि ते 175 अंशांच्या (80 सेल्सियस) आसपास पोचल्याशिवाय मऊ पडत नाहीत. अमेरिकी कृषी खात्याने सुरक्षिततेसाठी ठरवलेला किमान आकडा पक्ष्याच्या सगळ्या भागांना एकच आहे, 165 अंश (74 सेल्सियस). म्हणजे तंगडी शिजेपर्यंत थांबलं तर छाती वाळते, आणि छाती रसाळ असताना काढलं तर तंगडी चिवट राहते. त्यात इथल्या बाजारात मिळणारी बहुतेक टर्की ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट या जातीची असते. मोठ्या छातीसाठीच ती जात वाढवली गेली, त्यामुळे हा पेच आणखी घट्ट होतो.

आपण कोंबडीचे तुकडे करून रश्श्यात शिजवतो तेव्हा हा प्रश्न जाणवत नाही. रस्सा सगळं सांभाळून घेतो. अख्खा पक्षी कोरड्या धगीत ठेवायचा तर मांसातलं पाणी मांसातच धरून ठेवणारं काहीतरी आधीच आत जायला हवं. ते काम मीठ करतं. म्हणून टर्कीचं बरंवाईट ओव्हन पेटवायच्या आधीच्या पाच दिवसांत ठरतं, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या पाच दिवसांचा आहे.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. 1941 साली कायद्याने तो दिवस पक्का झाला. तेव्हा आपण गुरुवारपासून उलटं मोजू. 13 पौंडांची, म्हणजे साधारण सहा किलोची टर्की धरून चालू. माणशी एक ते दीड पौंड असा हिशेब ठेवला तर ती नऊ-दहा जणांना पुरते, कारण त्यात हाडांचं वजन बरंच असतं. वीस-बावीस जण असतील तर एक अवाढव्य पक्षी आणण्यापेक्षा दोन मध्यम आणा. मोठा पक्षी आतपर्यंत शिजतो तोवर बाहेरचं मांस वाळून जातं, आणि तो फ्रिजमध्येही मावत नाही.

विकत घेताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. अनेक गोठवलेल्या टर्कींमध्ये कारखान्यातच मीठ-पाण्याचं द्रावण टोचलेलं असतं. लेबलवर तसं टक्केवारीसह लिहिलेलं असतं, किंवा ‘सेल्फ-बेस्टिंग’ असा शब्द असतो. ज्यू आहारनियमांप्रमाणे तयार केलेल्या ‘कोशर’ टर्कीलाही आधीच मीठ लावलेलं असतं. असा पक्षी पुन्हा मिठाच्या पाण्यात घातला तर तो खारट होणार, आणि ग्रेव्ही त्याहून खारट. या लेखातल्या पद्धतीसाठी ज्याच्या घटकांत फक्त टर्की लिहिलेलं आहे असाच पक्षी घ्या. तसा मिळालाच नाही, तर मिठाची पायरी सरळ गाळा, बाकी सगळं जसंच्या तसं करा.

गोठलेली टर्की शनिवारी सकाळी फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हलवा, पाकिटासकट, खाली खोलगट ताट ठेवून. फ्रिजमध्ये वितळायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. आपली 13 पौंडांची टर्की मंगळवारी संध्याकाळपर्यंत मोकळी होईल. ‘बटरबॉल’ ही टर्की विकणारी कंपनी 1981 पासून सणाच्या दिवसांत फोनवर सल्ला देते, आणि तिथे सर्वांत जास्त विचारलं जातं ते वितळवण्याबद्दलच. उशीर झालाच तर गार पाण्यात बुडवून वितळवता येते: पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. ओट्यावर रात्रभर ठेवून मात्र कधीही वितळवू नका. मधला गोळा बर्फच असतो आणि बाहेरचं मांस तोवर जंतू वाढण्याइतकं कोमट झालेलं असतं.

आता आपल्या हातवळणाची गोष्ट. मराठी स्वयंपाकघरात कोंबडी आली की ती आधी नळाखाली धुतली जाते, हळद-मीठ चोळून पुन्हा धुतली जाते. टर्की धुऊ नका. कच्च्या पक्ष्यावर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. नळाच्या धारेने ते जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर सिंकभर, ओटाभर, शेजारी निथळत ठेवलेल्या कोशिंबिरीच्या काकड्यांवर पसरतात. ते मरतात शिजल्यावर. पक्ष्याच्या अंगावरचा ओलावा कागदी टॉवेलने टिपा, टॉवेल फेका, हात साबणाने धुवा.

मंगळवारी संध्याकाळी पाकीट उघडा आणि पोटात हात घाला. आत मान असते, आणि एका पुडक्यात काळीज, पेटा म्हणजे गिझार्ड, आणि कलेजी. हे पुडकं कधी मागच्या पोकळीत असतं, कधी मानेकडच्या कातडीखाली. दोन्हीकडे पाहा, कारण ते आत विसरून पक्षी भाजणारे पुष्कळ असतात. मान, काळीज आणि पेटा बुधवारसाठी झाकून ठेवा, ग्रेव्ही त्यांच्यावरच उभी राहणार आहे. कलेजी त्यात घालू नका, ती उकळून कडवट होते. मिरपूड घालून तव्यावर परता आणि स्वयंपाक करणाऱ्यांनी तिथेच खाऊन टाका.

मीठ

कोकणात कैऱ्या खारवतात तेव्हा मीठ सढळ हाताने घालतात, कारण हेतू टिकवण्याचा असतो. तीव्र मिठाने कैरी पाणी सोडून आक्रसते. टर्कीच्या पाण्यात मीठ बेताचं ठेवायचं, म्हणजे घडतं नेमकं उलट. मांसाच्या धाग्यांमधली काही प्रथिनं मिठाने सैल होतात, धागे फुगतात आणि पाणी आत घेतात. रात्रभरात पक्ष्याचं वजन काही टक्क्यांनी वाढतं. पुढे धगीत तेच सैल झालेले धागे कमी आवळले जातात, म्हणून पाणी कमी पिळलं जातं. छाती 165 अंशांपर्यंत गेली तरी रसाळ राहते ती यामुळे. शिवाय मीठ मांसाच्या आत पोचलेलं असतं, आणि ‘चव नाही’ ही तक्रारही तिथेच मिटते.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम मीठ. 13 पौंडांची टर्की बुडायला भांड्याच्या आकाराप्रमाणे सहा-सात लिटर पाणी लागतं, म्हणजे सात लिटरला 350 ग्रॅम. मीठ वजनानेच मोजा, यात तडजोड करू नका. अमेरिकी पाककृतींत कपाचं माप असतं आणि तिथेच घोटाळा होतो. एक कप बारीक टेबल सॉल्ट 290 ग्रॅमच्या आसपास भरतं. डायमंड क्रिस्टल या ब्रँडचं भुसभुशीत कोशर मीठ त्याच कपात जेमतेम त्याच्या निम्मं. पाककृती एका मिठाची आणि हातात दुसरं मीठ असेल तर टर्की एक तर अळणी होते, नाही तर तोंडात घालवत नाही.

मिठाबरोबर लिटरला 25 ग्रॅम साखर घाला. तिने मांस गोड होत नाही, कातडीला रंग मात्र छान येतो. तमालपत्र, अख्खे मिरे, ठेचलेला लसूण, संत्र्याची साल, थाइमच्या काड्या हवं तर घाला, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. मीठ मांसात खोल जातं, मसाल्यांचा गंध मुख्यतः वरवर राहतो. मसाल्यांवर खर्च करायचाच असेल तर तो कातडीखालच्या लोण्यात करा. त्याबद्दल पुढे सांगते.

सगळं पाणी तापवायची गरज नाही. दीड लिटर पाण्यात मीठ, साखर आणि मसाले घालून ते विरघळेपर्यंत गरम करा, बाकीचं पाणी बर्फासारखं गार घाला. मिश्रण पूर्ण थंड झाल्याशिवाय टर्की त्यात सोडू नका. भांडं स्टीलचं किंवा खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचं घ्या. ॲल्युमिनियमचं नको, मिठाने ते खराब होतं. पक्षी छाती खाली करून ठेवा आणि सगळा बुडेल असं पाहा. वर येत असेल तर ताटलीचं वजन ठेवा. हे भांडं बारा ते सोळा तास 40 अंश फॅरनहाइटच्या (4 सेल्सियस) खाली राहिलं पाहिजे. फ्रिजमध्ये जागा नसेल तर सहलीचा मोठा कूलर घ्या, टर्की आणि मिठाचं पाणी जाड ब्राइनिंग बॅगमध्ये भरून ती कूलरमध्ये ठेवा आणि भोवती बर्फ रचा. बर्फ वितळला की नवा घाला. बाहेर थंडी आहे म्हणून गॅरेजमध्ये नुसतं भांडं ठेवण्याचा मोह टाळा. दुपारच्या उन्हात गॅरेज किती तापतं हे कुणी बघत नाही.

ज्यांच्याकडे इतकी जागाच नाही त्यांच्यासाठी कोरडी पद्धत आहे. टर्कीच्या दर किलोला साधारण 8 ग्रॅम मीठ घेऊन ते अंगभर चोळायचं, छातीवर आणि मांड्यांवर थोडं जास्त, आणि पक्षी दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायचा. मीठ आधी मांसातून पाणी ओढतं, मग त्याच पाण्यात विरघळून परत आत शिरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या झूनी कॅफेत ज्यूडी रॉजर्स कोंबडीला असं आगाऊ मीठ लावत आणि ती कोंबडी देशभर गाजली. पुढे लोकांनी तीच युक्ती टर्कीवर वापरली. या पद्धतीत कातडी जास्त कुरकुरीत होते, हे खरं आहे. तरी पहिल्यांदाच टर्की करणाऱ्याला मी मिठाचं पाणीच सुचवीन. भाजताना दहा-पंधरा मिनिटं जास्त झाली तर ते अधिक सांभाळून घेतं.

बुधवारी सकाळी किंवा दुपारी टर्की पाण्यातून काढा. पाणी ओतून द्या, ते पुन्हा कशालाही वापरायचं नाही. पक्षी आतून-बाहेरून टॉवेलने टिपून कोरडा करा आणि जाळीवर ठेवून, न झाकता, गुरुवार सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा; खालच्याच कप्प्यात, म्हणजे इतर पदार्थांवर काही ठिबकणार नाही. फ्रिजमधली कोरडी हवा कातडीतला ओलावा शोषून घेते. ही रात्र गाळली तर ओव्हनमधला पहिला बराच वेळ कातडी नुसती वाफाळते आणि रबरासारखी होते.

बुधवारची संध्याकाळ ग्रेव्हीच्या रश्श्याची. मान, काळीज, पेटा आणि जमल्यास वेगळे विकत आणलेले टर्कीचे किंवा कोंबडीचे दोन-तीन पंख थोड्या तेलात चांगले तपकिरी होईपर्यंत परता. घाई करू नका, ग्रेव्हीचा रंग आणि खमंगपणा इथेच जमा होतो. मग एक कांदा, एक गाजर, सेलरीची एक काडी मोठी चिरून घाला, तीही जरा परता. दोन लिटर पाणी, एक तमालपत्र, दहा-बारा मिरे. मीठ नाही, चिमूटभरही नाही. मंद आचेवर तीन तास ठेवा, वर येणारा फेस काढत राहा. गाळल्यावर सव्वा लिटरच्या आसपास रस्सा उरेल. तो उथळ भांड्यात निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर जमलेली चरबी अलगद काढा आणि वाटीत जपून ठेवा.

ओव्हन

जेवण चार वाजता असेल तर टर्की तीनला ओव्हनबाहेर हवी, म्हणजे साडेअकराला आत जायला हवी. यात अर्ध्या तासाची सूट धरली आहे. अकरा वाजता ओव्हन 425 अंश फॅरनहाइटवर (220 सेल्सियस) लावा.

कातडीखालचं लोणी असं: अर्धी वाटी मऊ, बिनमिठाचं लोणी, बारीक किसलेला लसूण, ताजी भरड मिरपूड, थाइम किंवा सेज बारीक चिरून, थोडी लिंबाची साल किसून. आपल्या चवीचं हवं असेल तर सेजऐवजी हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचे देठ वाटून घाला, टर्कीला ते शोभतं. छातीवरची कातडी बोटांनी अलगद सैल करा आणि हे लोणी आत पसरवा. कातडीवर फक्त तेलाचा हात फिरवा. दही, आलं-लसूण, लाल तिखटाचा ओला मसाला मात्र वरून लावू नका. तो तीन तासांत करपतो, कातडी ओली ठेवतो आणि खाली पडलेला रस ग्रेव्हीच्या कामाचा राहत नाही. तंदुरी चव हवी असेल तर कोंबडीच्या तंगड्या वेगळ्या भाजा; ती पद्धत त्यांच्यासाठीच आहे.

पोटात अर्धा कांदा, अर्धं लिंबू, थाइमच्या काड्या एवढंच, सैलसर. पावाचं सारण अमेरिकी घरांत कधीकधी आत भरतात. ते सारणही 165 अंशांपर्यंत जावं लागतं, आणि ते तिथे पोचेपर्यंत छातीचा निकाल लागतो. सारण वेगळ्या भांड्यात भाजा. पंखांची टोकं पाठीखाली मुडपा, तंगड्या दोऱ्याने सैलच बांधा. घट्ट बांधल्या तर मांडीच्या आतल्या बाजूला धग पोचत नाही.

रोस्टिंग पॅनच्या तळाशी कांदा, गाजर, सेलरीचे मोठे तुकडे आणि दोन कप पाणी, वर जाळी, जाळीवर छाती वर करून टर्की. पहिला अर्धा तास 425 वर, मग 325 वर (160 सेल्सियस). छाती हवी तेवढी सोनेरी झाली की तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा सैल ठेवा, तंगड्या उघड्याच राहू द्या. पॅनमधलं पाणी आटलं तर अर्धा कप घाला, तळ करपता कामा नये. दर वीस मिनिटांनी रस उचलून वर ओतत राहण्याची जुनी चाल आहे, ती सोडा. तो रस मांसात जात नाही, कातडी मऊ पडते, आणि प्रत्येक वेळी दार उघडल्याने ओव्हन थंड होतो.

13 पौंडांच्या टर्कीला एकूण अडीच ते तीन तास लागतात, पण घड्याळावर भिस्त ठेवू नका. पावणेदोन तासांनंतर थर्मामीटर घ्या. मांडी जिथे अंगाला मिळते तिथला सर्वांत जाड भाग, टोक हाडाला न टेकवता. मग छातीचा सर्वांत जाड भाग, तोही दोन्ही बाजूंना. मांडीत 175 आणि छातीत 165 दिसले की टर्की झाली. काही पक्ष्यांत प्लॅस्टिकची उडी मारणारी खूणकांडी असते. ती वर येते तोवर छातीला बहुधा उशीर झालेला असतो. रस नितळ दिसतो का, तंगडी हलवल्यावर सुटते का, या खुणाही भरवशाच्या नाहीत. मिठात मुरलेल्या टर्कीचं मांस हाडाजवळ गुलाबीसर राहू शकतं. आपल्याकडच्या पाहुण्यांना ते कच्चं वाटतं, पण सगळीकडे आकडा गाठला असेल तर ते पूर्ण शिजलेलं असतं.

बाहेर काढल्यावर टर्की चाळीस मिनिटं तशीच राहू द्या. या वेळात मांसातला रस दाटतो आणि सुरी लावल्यावर पाटावर वाहून जात नाही. एवढा मोठा पक्षी चाळीस मिनिटांत थंड होत नाही. ओव्हन रिकामा झालेला असतो, त्यात रताळी, सारण, पाव गरम करून घ्या.

ग्रेव्ही

माझ्या मते या जेवणाचा जीव ग्रेव्हीत आहे. टर्की बरी झाली आणि ग्रेव्ही उत्तम झाली तर लोक जेवण आठवणीत ठेवतात.

पॅनमधला सगळा रस उंच काचेच्या भांड्यात गाळा. पाच मिनिटांत चरबीचा तवंग वर येईल आणि खाली तपकिरी रस राहील. तवंग काढून वेगळा ठेवा. रिकामा पॅन दोन शेगड्यांवर मध्यम आचेवर ठेवून त्यात अर्धा कप पाणी किंवा सफरचंदाचं सायडर ओता आणि लाकडी उलथन्याने तळाची खरवड सोडवा. ही खरवड काळी असेल तर ती फेका, तपकिरी असेल तर तीच तुमची खरी कमाई. तीही गाळून रसात मिसळा. आता तो रस चाखा. मिठात मुरलेल्या टर्कीचा रस खारट असतो, कधी फारच, आणि घरच्या ग्रेव्ह्या बहुतेक इथेच बिघडतात. आदल्या दिवशीचा रस्सा बिनमिठाचा ठेवला तो याचसाठी.

जाड बुडाच्या पातेल्यात 80 ग्रॅम चरबी घ्या: तवंग, रश्श्यावरची जपलेली चरबी, कमी पडली तर लोणी. त्यात 70 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या कपाहून किंचित जास्त मैदा घालून मंद आचेवर परता. बेसन भाजताना आपलं नाक जसं सांगतं तसंच इथेही सांगतं. कच्चा वास जाऊन खमंग सुटला आणि रंग फिकट बदामी झाला की थांबा. जास्त गडद केला तर चव वाढते पण मैद्याची दाटवण्याची ताकद कमी होते. मग गरम रस्सा एका वेळी पळीभर घालत व्हिस्कने हलवत राहा. पहिल्या दोन-तीन पळ्यांना गोळा होईल, घाबरू नका. घोटत राहिलं की तो मोकळा होतो आणि पुढे गुठळ्या होत नाहीत. एक लिटर रस्सा असा घालून झाला की दहा-बारा मिनिटं हलकं उकळू द्या. या वेळाशिवाय मैद्याची पिठूळ चव जात नाही.

शेवटी पॅनमधला खारट रस चमच्याचमच्याने घाला, दर वेळी चाखून. मीठ पुरे वाटलं की थांबा, रस उरला तर उरू द्या. भरपूर मिरपूड, आणि अर्धा चमचा सायडर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. त्या आंबटाने चरबीचा जडपणा एकदम हलका होतो. ग्रेव्ही पळीच्या पाठीला पातळ थर देईल इतकीच दाट असावी, कारण ताटात ती आणखी आळते. घट्ट झाली तर रस्सा घाला. गुठळ्या राहिल्याच तर गाळणीतून काढा, कुणाला कळायचं कारण नाही.

आपल्या पंगतीत शाकाहारी पाहुणे जवळजवळ नेहमीच असतात, आणि त्यांना नुसतं मॅश्ड पोटॅटो आणि क्रॅनबेरी सॉसवर उठवणं बरं नाही. वाळवलेले मशरूम गरम पाण्यात भिजवून त्याचं पाणी गाळून घ्या. लोण्यात कांदा आणि ताजे मशरूम तपकिरी होईपर्यंत परता, त्यावर मैदा भाजा, मशरूमचं पाणी आणि भाज्यांचा रस्सा घाला, चमचाभर सोया सॉस. ही ग्रेव्ही बुधवारीच करून ठेवता येते. वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि त्यांचे भाजायचे पदार्थ टर्की आत जाण्यापूर्वी ओव्हनमधून काढून घ्या. ज्यांना हे महत्त्वाचं आहे त्यांना विचारावं लागू नये.

कापताना हाडांवर कोयता चालवायची गरज नाही. धारदार सुरीने तंगडी आणि अंग यांच्यामधली कातडी कापा, तंगडी बाहेर वाकवा, सांधा उघडा पडला की त्यातून सुरी फिरवा. मग छातीच्या मधल्या हाडाला लगटून सुरी खाली नेत एका बाजूची अख्खी छाती सोडवा आणि पाटावर आडवे, धाग्यांच्या विरुद्ध काप करा. प्रत्येक कापाला कातडीची कड राहते. ताटात टर्कीवर थोडीशी ग्रेव्ही, बाकीची भांड्यात शेजारी.

भारतातल्या वाचकांसाठीही ही पद्धत कामाची आहे. टर्की मुळात मेक्सिकोकडची, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ती युरोपात नेली. आणि आपल्याकडे ती गोव्याच्या बंदरातून पोचली. 1612 साली दरबारी मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेला टर्कीचा नर पाहून बादशहा जहांगीर इतका चकित झाला की त्याने आपल्या आठवणींत त्या पक्ष्याच्या डोक्याचे बदलते रंग बारकाईने नोंदवले. मन्सूर या चित्रकाराने त्या काळात काढलेलं टर्कीचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आज मुंबई-पुण्यात नाताळच्या सुमारास काही दुकानांत गोठवलेली टर्की मिळते, पण ती महाग असते आणि घरच्या ओव्हनमध्ये बसेलच असं नाही. तेव्हा दीड किलोची अख्खी कातडीसकट कोंबडी घ्या. तेच लिटरला 50 ग्रॅम मीठ, वेळ मात्र फक्त तीन-चार तास. मग रात्रभर फ्रिजमध्ये उघडी. 220 सेल्सियसवर तास-सव्वा तास, आकडे तेच. ग्रेव्हीचं प्रमाण निम्मं.

उरलेली टर्की जेवण झाल्यापासून नव्हे, ओव्हनबाहेर आल्यापासून दोन तासांत आवरायची असते, म्हणून कापणं लांबवू नका. मांस हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत भरा. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस चांगलं राहतं. छातीचे काप ग्रेव्हीतच झाकून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये कोरडे नकोत. मांडीचं मांस मालवणी मसाला पेलतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण पूर्ण परतून झाल्यावर मांस शेवटच्या पाच मिनिटांत घाला, आणि मीठ घालण्यापूर्वी चाखा. सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात पाण्यात तीन तास उकळा, थोडं आलं आणि मिरे घालून. गाळलेला रस्सा निववून फ्रीझरमध्ये ठेवला की डिसेंबरभर सूपला, पुलावाला पुरतो. डबे काठोकाठ भरू नका, गोठताना तो फुगतो.